सामुदायिक रेडिओचा अर्ज: आधी ईआरपीचा हिशेब, मग कागदपत्रांची जुळवाजुळव

सामुदायिक रेडिओ केंद्र काढू पाहणाऱ्या संस्थांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: ट्रान्समीटर किती वॅटचा घ्यायचा? प्रश्न साधा वाटतो, पण सुरुवात तिथून केली की पुढचा सगळा अर्ज वाकडा जातो. सरकारी धोरणातली मर्यादा ट्रान्समीटरच्या वॅटवर नाही, ईआरपीवर आहे. ईआरपी म्हणजे प्रभावी उत्सर्जित शक्ती. ट्रान्समीटरमधून निघालेली शक्ती केबलमध्ये थोडी जिरते, उरलेली अँटेनापर्यंत पोचते आणि अँटेना तिला क्षितिजाच्या दिशेने एकवटून फेकते. शेवटी बाहेर पडते ती ईआरपी. भारतात सामुदायिक केंद्राला साधारणपणे १०० वॅट ईआरपीपर्यंत परवानगी मिळते आणि तेवढ्यात ५ ते १० किलोमीटरचा परिसर ऐकू यावा अशी अपेक्षा असते.

म्हणून माझा आग्रह असतो की अर्जाला हात लावण्याआधी एका कोऱ्या कागदावर हा हिशेब मांडा. अर्जात, वारंवारतेच्या मागणीत आणि टॉवरवर प्रत्यक्ष चढलेल्या सामानात एकच आकडा दिसला पाहिजे. त्या आकड्यात विसंगती असली की कागद मागे येतात आणि महिने निघून जातात.

पात्रता

आपल्याकडे हे धोरण डिसेंबर २००२ मध्ये आले आणि आधी फक्त शिक्षणसंस्थांपुरते होते. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे अण्णा एफएम हे त्यातले पहिले केंद्र, १ फेब्रुवारी २००४ ला सुरू झाले. नोव्हेंबर २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी स्वयंसेवी संस्थांना दार उघडले. आज विद्यापीठे, महाविद्यालये, शाळा, कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे, नोंदणीकृत न्यास आणि सोसायट्या अर्ज करू शकतात. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी संस्थेच्या वाटेने आली, बारामतीची वसुंधरा वाहिनी शिक्षणसंस्थेच्या वाटेने. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत.

संस्था ना-नफा तत्त्वावर चालणारी हवी, तिच्या नोंदणीला किमान ३ वर्षे झालेली हवीत आणि त्या भागात तिने प्रत्यक्ष काम केलेले दिसले पाहिजे. एकट्या व्यक्तीला परवानगी मिळत नाही. राजकीय पक्ष, त्यांच्या विद्यार्थी, महिला किंवा कामगार आघाड्या, नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था आणि बंदी घातलेल्या संघटना यांनाही नाही. कालच नोंदवलेल्या सोसायटीच्या नावाने अर्ज करायचा विचार असेल तर थांबा. त्यापेक्षा गावातली जुनी, काम असलेली संस्था पुढे करा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे सुधारली गेली. परवानगीची मुदत १० वर्षे झाली, एकापेक्षा जास्त जिल्ह्यांत काम करणाऱ्या संस्थेला वेगवेगळ्या जिल्ह्यांत मिळून ६ केंद्रांपर्यंत मुभा मिळाली, जाहिरातींचा वेळ तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटांवर गेला आणि सल्लागार व आशय समितीत निम्म्या महिला असणे बंधनकारक झाले. समितीतली ही अट मला फार मोलाची वाटते. ती कागदापुरती ठेवू नका. गावात दुपारी रेडिओ कोण ऐकतो हे त्या बायकाच सांगतील.

हिशेब

शक्तीची वाढ-घट डेसिबल या मापात मोजतात. त्याला घाबरण्याचे कारण नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की काम भागते: ३ डेसिबल वाढ म्हणजे दुप्पट, ३ डेसिबल घट म्हणजे निम्मे. १ डेसिबल घट म्हणजे साधारण पाचवा हिस्सा गेला.

बहुतेक सामुदायिक केंद्रे ५० वॅटचा ट्रान्समीटर बसवतात, म्हणून तोच धरू. टॉवर ३० मीटरचा, खोलीपासून अँटेनापर्यंत केबल ४० मीटर. अर्धा इंची फोम केबल घेतली तर एफएमच्या पट्ट्यात १०० मीटरला सुमारे २.२ डेसिबल घट होते, म्हणजे ४० मीटरला ०.९. कनेक्टर आणि जोडतुकड्यांचे ०.३ मिळवा. एकूण १.२ डेसिबल. ५० पैकी ३८ वॅट अँटेनाशी पोचले. डायपोल म्हणजे दोन दांड्यांची साधी अँटेना, आणि गेन म्हणजे अँटेना शक्ती किती पट एकवटते ते. अँटेना एकावर एक दोन डायपोलची असेल तर तिचा गेन एका डायपोलच्या तुलनेत ३ डेसिबल, म्हणजे दुप्पट. ईआरपी ७६ वॅट. मर्यादेच्या आत आणि बहुतेक गावांना पुरेशी.

आता पैसे वाचवायला आरजी-२१३ केबल घेतली असे समजा. तिची घट १०० मीटरला साडेसहा डेसिबलच्या आसपास असते. त्याच ४० मीटरमध्ये अँटेनापर्यंत कसेबसे २५ वॅट पोचतात आणि ईआरपी ५० वर येते. बारीक आरजी-५८ घातली तर अँटेनापर्यंत जेमतेम एक चतुर्थांश शक्ती उरते, बाकीची केबल गरम करण्यात जाते. ट्रान्समीटरच्या पडद्यावर मात्र तिन्ही वेळा ५० हाच आकडा असतो आणि गावातले लोक म्हणतात, खरखर येते.

उलट टोकाला चार डायपोलची अँटेना. तिचा गेन ६ डेसिबल, म्हणजे चौपट. तेच ३८ वॅट आता १५२ होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. ती वापरायची तर ट्रान्समीटर ३३ वॅटवर आणावा लागेल आणि अर्जातही ३३ हाच आकडा लिहावा लागेल. वीजबिल कमी येते, ट्रान्समीटर थंड राहतो, हा फायदा खरा आहे. पण ९०.४ मेगाहर्ट्झवर तरंगलांबी साधारण ३.३ मीटर. चार डायपोल एकेका तरंगलांबीच्या अंतराने लावले तर खालचा आणि वरचा यांत १० मीटरचे अंतर पडते. अँटेनाची कमाल उंची जमिनीपासून ३० मीटर ठरलेली असल्याने सरासरी उंची २५ वर येते आणि खालचे डायपोल आंब्याच्या शेंड्यांच्या बरोबरीला येतात. दोनच डायपोल असतील तर सरासरी २८ मीटरच्या वर राहते.

उंचीला मी इतके जपतो त्याला कारण आहे. सपाट भूभागावर अँटेनाची उंची दुप्पट केली तर दूरच्या गावात सिग्नल सुमारे ६ डेसिबलने वाढतो. तो फायदा शक्ती चौपट केल्यासारखा आहे. नुसती शक्ती दुप्पट केली तर तेवढ्याच स्पष्टतेने ऐकू येण्याचे अंतर जेमतेम एक पंचमांशाने वाढते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी जागा आणि उंची, मग चांगली केबल, मग अँटेना, सगळ्यात शेवटी ट्रान्समीटर. मर्यादा जमिनीपासूनच्या उंचीची आहे, समुद्रसपाटीपासूनची नाही. तुमच्या सेवाक्षेत्रातच एखादी उंचवट्याची जागा असेल तर ती आधी पाहा. किमान उंची १५ मीटर आहे, ती माणसांना रेडिओलहरींचा त्रास होऊ नये म्हणून.

खोल दरी, डोंगराआडच्या वाड्या किंवा खरोखर मोठे क्षेत्र असेल तर २५० वॅट ईआरपीपर्यंत मागता येते. पण गरज सिद्ध करावी लागते, वारंवारता उपलब्ध असावी लागते आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीची मंजुरी लागते. १०० वरून २५० वर गेल्याने अंतर साधारण सव्वापट होते. एवढ्यासाठी अर्ज लांबवायचा का, हे नकाशा समोर ठेवून ठरवा.

अँटेनाच्या माहितीपत्रकात एक फसगत असते. गेन कधी डायपोलच्या तुलनेत दिलेला असतो, कधी सर्व दिशांना सारखी फेकणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत. दुसऱ्या पद्धतीचा आकडा नेहमी २.१५ ने मोठा दिसतो. आपल्या दोन डायपोलच्या अँटेनावर ५.१५ लिहिलेले असेल आणि तुम्ही तोच आकडा हिशेबात घेतला तर कागदावर ईआरपी १२४ वॅट येईल. प्रत्यक्षात ती ७६ च आहे. विक्रेत्याकडून लेखी घ्या की आकडा कशाच्या तुलनेत आहे.

गोलाकार ध्रुवीकरणाच्या अँटेनाची गोष्ट वेगळी. ती शक्ती आडव्या आणि उभ्या अशा दोन वाट्यांत विभागते, म्हणून तिच्या एका बेचा (बे म्हणजे एकावर एक लावायच्या अशा अँटेनांपैकी एक) गेन एका डायपोलच्या निम्म्याहून किंचित कमी, दोन बेचा साधारण एका डायपोलएवढा. ईआरपी कमी दिसते. पण मोबाइलला इयरफोनची वायर लावून शेतात बसलेल्या माणसाला, वायर कशीही लोंबत असली तरी, आवाज जास्त स्थिर मिळतो. जिथे श्रोते मोबाइलवर ऐकतात तिथे मी हीच अँटेना सुचवतो.

कागदपत्रे

अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर भरायचा. हाताशी ठेवा: नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा नियमावली, कार्यकारी मंडळाची यादी, मागील ३ वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि वार्षिक अहवाल, अर्ज करण्याचा ठराव, सही करणाऱ्याचे अधिकारपत्र, समाजातल्या कामाचे पुरावे आणि केंद्राच्या खर्चाची तजवीज कशी केली त्याचा तपशील. २००६ च्या धोरणाने प्रक्रिया शुल्क २,५०० रुपये ठेवले होते. भरण्याआधी पोर्टलवरचा चालू आकडा पाहून घ्या.

सगळ्यात जास्त चुका सेवाक्षेत्राच्या रकान्यात होतात. तिथे नुसते तालुक्याचे नाव चालत नाही. गावांची नावे लिहायची आणि टॉवर त्या क्षेत्राच्या आतच हवा. शिक्षणसंस्थेचा टॉवर मुख्य आवारातच उभारावा लागतो, शेजारच्या टेकडीवर नाही. अक्षांश-रेखांश अंश, मिनिटे, सेकंदांत घ्या आणि ते टॉवरच्या पायाशी उभे राहून घ्या. कार्यालयाच्या खुर्चीत बसून घेतलेले रेखांश टॉवरपासून शंभर मीटर सरकलेले असतात आणि पुढच्या जागा-मंजुरीत तेच नडते.

मंजुरीची वाट

विद्यापीठे आणि सरकारी शिक्षणसंस्थांचा मार्ग तुलनेने सरळ, कारण त्यांना वेगळ्या सुरक्षा-मंजुऱ्या लागत नाहीत. स्वयंसेवी संस्था आणि खासगी शिक्षणसंस्थांचे अर्ज गृह आणि संरक्षण मंत्रालयांकडे जातात. मग लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे परवानगी देण्याचा इरादा कळवणारे आशयपत्र मिळते. त्याची मुदत १ वर्ष आणि अडचण आलीच तर आणखी ३ महिने. या काळात टॉवरची निविदा, पैसे, जागेचा करार हे सगळे हलले पाहिजे.

आशयपत्रानंतर दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर वारंवारतेसाठी आणि टॉवरच्या जागेसाठी अर्ज जातो. जागेच्या मंजुरीला सगळे साकफा म्हणतात. ती त्या एका जागेपुरती असते. इथे समुद्रसपाटीपासूनची उंची, इमारत आणि खांबाची वेगवेगळी उंची, ट्रान्समीटरची शक्ती, अँटेनाचा गेन, ध्रुवीकरण असे सगळे विचारले जाते. तुम्ही पहिल्या दिवशी केलेला तो कोऱ्या कागदावरचा हिशेब इथे जसाच्या तसा उतरतो. त्यानंतर बँक हमी, जी २००६ च्या धोरणात २५,००० रुपये होती, मग मंत्रालयाशी परवानगीचा करार, ज्याला सगळे गोपा म्हणतात, आणि शेवटी वायरलेस चालवण्याचा परवाना. हा परवाना हातात येण्याआधी हवेत काहीही सोडायचे नाही, चाचणीच्या नावाखालीही नाही. चाचणी डमी लोडवर करा, म्हणजे अँटेनाच्या जागी जोडायच्या आणि शक्ती उष्णतेत जिरवणाऱ्या उपकरणावर.

कार्यक्रमांच्या अटी थोडक्यात: निम्मा आशय स्थानिक सहभागातून, भाषा शक्यतो तिथली, प्रसारित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण ३ महिने जपून ठेवायचे.

चालू केल्यावर

पहिल्यांदा निम्म्या शक्तीवर सुरू करा आणि पडद्यावरचे दोन आकडे वहीत लिहा: पुढे जाणारी शक्ती आणि परत येणारी शक्ती. ५० ला १ परत येत असेल तर उत्तम. पहिल्या पावसानंतर एका केंद्रावर परतीचा आकडा ६ झालेला मी पाहिला आहे. टॉवरवरचा कनेक्टर उघडला तेव्हा आतून पाण्याचा थेंब निघाला आणि मधल्या पिनेवर हिरवट थर चढलेला होता. एवढी शक्ती परत येऊ लागली की ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला आपोआप शक्ती कमी करतो आणि लांबची गावे आधी गळतात. त्यामुळे कनेक्टरवर स्वतःत विरघळून चिकटणारी रबरी पट्टी खालून वर, ओढून गुंडाळा आणि केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी भिंतीत न जाता झोळाच्या तळाशी टपकते.

मग साधा खिशातला रेडिओ घेऊन अर्जात लिहिलेल्या प्रत्येक गावात जा. देवळाच्या पारावर, शाळेत, घराच्या आतल्या खोलीत ऐका आणि कुठे स्वच्छ, कुठे खरखर ते त्याच वहीत गावाच्या नावापुढे लिहा.