अर्ध्यावर राहिलेली जुनी जीप विकताना
(उद्यमबाग, बेळगाव येथील आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

खानापूर, निपाणी, चंदगडकडे अजूनही एखाद्या गोठ्यात जीप उभी दिसते. हौसेने खोलली, इंजिन बांधून आणलं, मग घराचं काम निघालं आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. अशी गाडी विकायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला: "रंग मारून घेऊ काय?"

नको. ताज्या रंगाखाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) किती भरलीय ते घेणाऱ्याला दिसत नाही, म्हणून तो वाईटच धरून भाव पाडतो. जाणकार गिऱ्हाईक खिशात लोहचुंबक घेऊनच येतं, कारण लांबीवर ते चिकटत नाही. आपल्या पावसात आधी फ्लोअरचा पत्रा सडतो, मग चेसिस आतून गंजते. तिथे नवा पत्रा घातला असेल तर प्रायमरवरच राहू द्या. कामाचे फोटो आणि बिलं काढून ठेवा. काढलेलं जुनं सामान, म्हणजे मीटर, स्टिअरिंग, काचेची चौकट, भंगारात घालू नका, डब्यांत भरून ठेवा. पुष्कळदा घेणारा त्याच डब्यांवर भाळतो.

'फोर बाय फोर', म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी म्हणून विकणार असाल तर पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा) जागेवर आहे ना बघा. तेल वाचावं म्हणून तो कधीच माळ्यावर गेलेला असतो. चाचणी शेतात घ्या, डांबरी रस्त्यावर नको. या जीपना पुढच्या-मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल (दोन्हीकडे वेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतं. वळणावर चाकं कमी-जास्त फिरतात, आणि डांबरावर ती घसरत नसल्यामुळे सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे जोर वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर येतो.

सीजे ३बी, म्हणजे उंच बॉनेटची 'हाय बॉनेट' जीप, तिचं मूळ पेट्रोल इंजिन २१९९ सीसीचं. ते काढून डिझेल बसवलेल्या गाड्या पुष्कळ. त्यात पाप नाही, पण आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) त्या बदलाची नोंद पाहिजे. आणि अशी गाडी 'व्हिंटेज' म्हणून खपवू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्या नोंदणीसाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी लागते, शिवाय चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही.

खरं घोडं अडतं ते कागदावर. आरसी बहुधा आजोबांच्या नावावर. मालक वारला असेल तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करा. मग विक्रीला फॉर्म २९ आणि ३०. गिऱ्हाईक कोल्हापूरचं किंवा गोव्याचं असेल तर फॉर्म २८, म्हणजे एनओसी (आरटीओचा ना हरकत दाखला) सुद्धा. जुनं बँक-कर्ज आरसीवर दिसत असेल तर तो बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आधी. चेसिस नंबरवर ग्राइंडर किंवा जाड रंग फिरला असेल तर काहीही करण्याआधी आम्हाला सांगा.

"पैसे आले, गाडी गेली, नाव नंतर बदलू" असं ओळखीत चालतं. आम्ही चालू देत नाही. अपघात झाला तर भरपाईसाठी नोंदणीकृत मालकच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. विकणाऱ्याने त्याच राज्यात १४ दिवसांत, परराज्यात विकल्यास ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

आम्ही गाडी तपासून झालेलं काम आणि राहिलेलं काम एका कागदावर लिहून देतो. राहिलेल्याची यादी लांबली म्हणून नाराज होऊ नका, तीच घेणाऱ्याच्या हातात द्यायची आहे. गाडीला ब्रेक नसेल तर ट्रॅक्टरला बांधून आणू नका, आम्हीच गोठ्यावर येतो. फक्त आरसी आणि सामानाचे डबे काढून ठेवा.