ताठ होडी आणि उठणारी होडी

लहान शिडाची होडी जोराच्या वाऱ्यात कशी वागेल, या प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत. वाऱ्याचा दाब आला की ती किती कलते, हा पहिला. पार आडवी झाली तर परत उठते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर धक्क्याला बांधलेल्या होडीच्या काठावर पाय ठेवूनही थोडंफार मिळतं. दुसऱ्याचं तसं मिळत नाही. पहिल्या परीक्षेत उत्तम गुण मिळवणारी होडी दुसरीत अनेकदा नापास होते, आणि हे नीट उमगायला साडेतीनशे वर्षं आणि बरेच जीव गेले.

1628 मध्ये स्टॉकहोमला 'वासा' हे नवं युद्धजहाज बंदरातच तपासलं गेलं. पद्धत साधी होती. 30 माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवायचं आणि जहाज किती डोलतं ते पाहायचं. तीन फेऱ्यांतच ते इतकं डोलायला लागलं की चाचणी थांबवावी लागली. तरीही 10 ऑगस्टला जहाज निघालं आणि दीड किलोमीटरही न जाता वाऱ्याच्या एका झोताने कलून तोफांच्या खिडक्यांतून पाणी घेत बुडालं. चाचणीत काही खोट नव्हती. तिचा निकाल मानायची कुणाची तयारी नव्हती, एवढंच.

या अनुभवाला गणिताची बैठक दिली ती फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगेर याने. पृथ्वीच्या आकाराच्या मोजणीसाठी तो अँडीज पर्वतात गेला होता, तिथे असतानाच त्याने जहाजांवरचा ग्रंथ लिहायला घेतला. तो 1746 मध्ये छापला गेला. होडी कलली की तिचा पाण्याखालचा आकार बदलतो आणि पाण्याचा वर उचलणारा जोर कललेल्या बाजूकडे सरकतो. या जोराची रेषा होडीच्या मध्यरेषेला जिथे छेदते, तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. तो गुरुत्वमध्याच्या वर असेल तर होडी सरळ होऊ पाहते. जितका वर, तितकी ती ताठ, म्हणजे कमी कलणारी. मात्र हा हिशेब थोड्याशा कलण्यापुरताच खरा. जास्त कोनांत काय होतं, याचं गणित इंग्लंडमध्ये जॉर्ज अ‍ॅटवूडने 1790 च्या दशकात मांडलं, पण गोदीतल्या रोजच्या कामात ते उतरायला फार काळ लागला.

1806 च्या जानेवारीत ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टने आपल्या रोजनिशीत वाऱ्याची श्रेणी लिहिली. आज आपण ती ताशी किलोमीटरमध्ये किंवा नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, वाचतो. मूळ श्रेणीत मात्र वेगाचा आकडाच नव्हता. लवकरच त्याने तिला जोडलेल्या वर्णनात चांगल्या स्थितीतलं युद्धजहाज किती शीड पेलू शकतं, यावर वरचे आकडे ठरत: इतक्या वाऱ्यात अमुक शिडं, त्याहून जास्त वाऱ्यात ती दुमडून लहान केलेली, आणि शेवटच्या 12 व्या पायरीवर कुठलंच कापड टिकणार नाही असा वारा. म्हणजे जहाजावरून वारा मोजायचा. आज आपण उलटं करतो, वाऱ्यावरून होडी मोजतो. त्यात एक मोठी गोम आहे, कारण ब्यूफोर्टचं जहाज प्रचंड होतं.

आकाराचा हा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. एखादी होडी हुबेहूब त्याच प्रमाणात दुप्पट मोठी केली, तर शिडाचं क्षेत्रफळ 4 पट होतं आणि शिडाची उंची दुप्पट, म्हणून होडी कलवणारा जोर 8 पट. पण वजन 8 पट होतं आणि ते ज्या अंतरावरून काम करतं तेही दुप्पट, म्हणून तिला सरळ करणारा जोर 16 पट. लहान होडीच्या बाबतीत हेच गणित उलटं फिरतं. मोठ्या जहाजाची नेटकी प्रतिकृती वाऱ्यात हमखास लोळणार. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. 15 नॉटचा वारा 30 झाला की दाब चौपट. म्हणून लहान होडीला एकतर तळाशी प्रमाणाबाहेर वजन लागतं, किंवा प्रमाणाबाहेर रुंदी, किंवा काठाबाहेर लटकणारी माणसं.

रुंदीचा मार्ग फसवा आहे. रुंद होडी सुरुवातीला अजिबात कलत नाही, त्यामुळे चालवणाऱ्याला धीर येतो. पण एका कोनापलीकडे तिचा ताठपणा झपाट्याने ओसरतो, आणि पूर्ण उलटी झाली तर ती तितक्याच ताठपणे उलटी राहते. 1876 च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कजवळ 'मोहॉक' नावाची रुंद, उथळ तळाची मोठी शर्यतीची नौका नांगरावर असताना, शिडं चढवलेली असताना, एका झोताने आडवी झाली. मालक आणि त्याची पत्नी आत अडकून बुडाले. त्या काळात इंग्लंडमध्ये शर्यतींच्या नियमांनी रुंदीवर जणू दंडच बसवला होता, त्यामुळे तिथल्या नौका उभ्या फळीसारख्या अरुंद आणि तळाला शिसं लावलेल्या होत्या. त्या भरपूर कलत, चालवणाऱ्यांना सतत भिजवत, पण वारा सहसा त्यांना उलटवू शकत नसे. अमेरिकेत यावर काही वर्षं जोरदार वाद झाला. मला तो वाद अजूनही संपलेला दिसत नाही.

'मोहॉक'च्या आधी सहाच वर्षं, 7 सप्टेंबर 1870 ला मध्यरात्रीनंतर, ब्रिटिश नौदलाचं 'कॅप्टन' हे जहाज स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळ वादळात उलटलं. जवळजवळ 500 माणसं गेली, त्यात जहाजाची कल्पना मांडणारा काउपर कोल्सही होता. त्याच ताफ्यातलं 'मोनार्क' तरलं. फरक होता पाण्यावरच्या काठाच्या उंचीचा. 'कॅप्टन'चा सरळ होण्याचा जोर 21 अंशांना शिगेला पोचून उतरू लागे, 'मोनार्क'चा 40 अंशांना. या दुर्घटनेनंतर प्रत्येक कोनातला सरळ करणारा जोर दाखवणारा वक्र काढणं ही जहाजबांधणीतली गंभीर बाब झाली. तो वक्र जिथे शून्याला टेकतो, त्या कोनापलीकडे होडी परत येत नाही.

उघड्या लहान होड्यांची वाट वेगळी निघाली. त्यांच्यात वजन म्हणजे माणूसच. इंग्लंडच्या उफा फॉक्स या होडी-रचनाकाराने 1928 च्या हंगामात 'अ‍ॅव्हेंजर' ही 14 फुटी होडी 57 शर्यतींत उतरवली आणि 52 जिंकल्या. तिचा तळ असा होता की जोराच्या वाऱ्यात होडी पाणी कापण्याऐवजी त्यावर चढून घसरू लागे. वाऱ्याचा जोर वेगात खर्ची पडला की कलण्यासाठी कमी उरतो. 1938 मध्ये दोरीच्या आधाराने काठाबाहेर पूर्ण अंग टाकायची युक्ती, म्हणजे ट्रॅपीझ, शर्यतीत दिसली. या होड्या उलटणारच हे गृहीत असतं. दोघांनी मिळून ती किती पटकन उभी करता येते, हा इथला खरा निकष.

बंद डेकच्या नौकांना धक्का बसला तो ऑगस्ट 1979 च्या फास्टनेट शर्यतीत, म्हणजे इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परतायच्या शर्यतीत. 303 नौका निघाल्या, 85 पोचल्या, 15 स्पर्धक मेले. 24 नौका सोडून द्याव्या लागल्या, आणि त्यांतल्या बहुतेक नंतर तरंगतच सापडल्या. सर्वांत लहान नौकांच्या गटातून एकच नौका पोचली: 'असेंट', कॉन्टेसा 32 जातीची, अरुंद आणि खोल वजनाची. चौकशीत तिच्या वक्राची तुलना त्या काळातल्या एका रुंद, हलक्या शर्यतीच्या नौकेशी केली गेली. कॉन्टेसाचा सरळ होण्याचा जोर सुमारे 156 अंशांपर्यंत टिकत होता, दुसरीचा सुमारे 117 पर्यंत.

पुढच्या काही वर्षांत प्रतिकृती टाकीत सोडून प्रयोग झाले. त्यांतून दिसलं की नौकेला पालथी घालायचं काम एकट्या वाऱ्याचं क्वचितच असतं. ते आडवी येणारी फुटती लाट करते. होडीच्या लांबीच्या साधारण 30 टक्के उंचीची लाटही तिला उलटवू शकते. 6 मीटरच्या होडीसाठी हा आकडा 2 मीटरही भरत नाही. डोलकाठी मोडलेली होडी अधिक सहज उलटते, हेही तेव्हाच स्पष्ट झालं, कारण उंचावरचं ते वजन लाटेच्या फटक्याला जडत्वाने विरोध करत असतं.

याच काळात अमेरिकेत एक झटपट सूत्र पुढे आलं: नौकेची फुटांतली कमाल रुंदी भागिले तिने सारलेल्या पाण्याच्या घनफुटांचं घनमूळ. उत्तर 2 च्या आत हवं. वापरलेली नौका घेणारे आजही हे सूत्र मान खाली घालून वापरतात. पण वजन कुठे आहे हे त्याला कळतच नाही. तळातलं शिसं काढून डोलकाठीच्या टोकाला बांधलं तरी उत्तर तेच येईल!

युरोपने 1994 च्या निर्देशाने नौकांना अ, ब, क, ड अशा इयत्ता दिल्या. ड वर्गाला ब्यूफोर्ट 4 पर्यंतचा वारा, क ला 6, ब ला 8, अ ला त्याहून जास्त. शिडाच्या मोठ्या नौकांसाठी आयएसओ 12217 या आंतरराष्ट्रीय मानकात अनेक घटक एकत्र करणारा स्थैर्य-निर्देशांक आला. अ साठी किमान 32, ब साठी 23, क साठी 14, ड साठी 5. त्यात लांबीचा वाटा इतका मोठा आहे की 6-7 मीटरच्या नौकेला 32 गाठणं फार अवघड. 6 मीटरपेक्षा लहान होड्यांसाठी वेगळा भाग आहे आणि त्यात होडी प्रत्यक्ष आडवी करून पाहण्याच्या चाचण्या आहेत.

या आकड्यांत सुकाणू कुठेच येत नाही, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. मागे फार रुंद असलेली होडी कलली की तिचं सुकाणू पाण्याबाहेर येऊ लागतं आणि ती वाऱ्याकडे तोंड फिरवते, मग चालवणारा कितीही जोर लावो. त्यावर तोडगा म्हणून दोन सुकाणू लावायची पद्धत शर्यतीच्या नौकांवरून घरगुती नौकांपर्यंत आली. शीड दुमडून लहान करणं किती सोपं आहे, हेही कागदावर नसतं. वारा वाढल्यावर पुढे जाऊन दोऱ्यांशी झटावं लागत असेल, तर बहुतेक जण ते उशिरा करतात.

1977 पासून एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची मिनी ट्रान्सॅट शर्यत चालते, आणि तिच्या नौका 6.5 मीटरच्याच असतात, रुंदी मात्र 3 मीटरपर्यंत. निर्देशांकाच्या हिशेबाने पाहिलं तर हा वेडेपणाच. इथे नौका पाण्यात 90 अंश आडवी करून डोलकाठीच्या टोकाला वजन लावतात आणि ते ती पेलते का हे पाहतात. शिवाय पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून आत पुरेसा फोम लागतो.