विकास योजनेत पायवाट आणि सायकलमार्ग कसा मागायचा? हरकत-सूचनेची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

रस्ता झाल्यावर पदपथ मागायला गेलं की उत्तर ठरलेलं असतं: जागाच नाही. बऱ्याचदा ते खरंही असतं. रस्त्याची हद्द किती मीटरची आणि तो कुठून कुठे जाणार, हे विकास योजनेच्या नकाशावर कितीतरी वर्षांपूर्वी ठरून गेलेलं असतं. म्हणून मागणी करायची ती नकाशा कच्चा असताना. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ही संधी देतो. जमीनमालक आणि बांधकाम व्यावसायिक तिच्याकडे डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतात, पायी चालणाऱ्यांपर्यंत मात्र ती पोहोचतच नाही. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली ३२,८२५ पादचारी होती. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवले तर नकाशावरच्या एका बारीक रेषेसाठी अर्ज करण्याची मेहनत मोठी वाटणार नाही.

कोणती योजना, किती मुदत

प्रादेशिक योजना अनेक तालुक्यांची किंवा अख्ख्या जिल्ह्याची असते, विकास योजना एका शहराची किंवा प्राधिकरणाच्या क्षेत्राची. गावाला बाजारपेठेपासून तोडणाऱ्या महामार्गाखाली भुयारी मार्ग हवा असेल किंवा नदीकाठाने सलग चालता येईल असा पट्टा हवा असेल, तर तो प्रादेशिक योजनेत मागावा. गावठाणातून शाळेकडे जाणारी वाट, दोन सोसायट्यांच्या भिंतींमधला जोडमार्ग, रेल्वेवरचा पादचारी पूल या गोष्टी विकास योजनेच्या.

प्रादेशिक योजनेचं प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा, कलम १६ खाली प्रसिद्ध होतं आणि हरकतींना किमान चार महिने मिळतात. विकास योजनेच्या प्रारूपाला, कलम २६ खाली, राजपत्रातल्या सूचनेपासून फक्त ३० दिवस. पूर्वी ते ६० होते. जुन्या माहितीपत्रकांत तोच आकडा राहिलेला दिसतो, त्यावर विसंबू नका. सूचना राजपत्राबरोबर स्थानिक वर्तमानपत्रांत आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहत राहा.

पात्रता

कायद्याचे शब्द ‘कोणतीही व्यक्ती’ असे आहेत. नावावर सातबारा किंवा घरपट्टीची पावती असण्याची अट नाही. भाडेकरू, विद्यार्थी, रोज सायकलवरून कामाला जाणारा मजूर, सगळे अर्ज करू शकतात. ‘हरकत’ हा शब्द ऐकून लोकांना वाटतं की ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडलं त्याचंच हे काम. तसं नाही. हरकतीइतकीच ‘सूचना’ही, म्हणजे काय हवं ते सुचवणंही, ग्राह्य आहे.

काय मागता येतं आणि काय नाही

बरेच अर्ज इथेच वाया जातात. झेब्रा पट्टे, गतिरोधक, पदपथावरचं अतिक्रमण या तक्रारी खऱ्या असल्या तरी विकास योजनेच्या कक्षेबाहेरच्या आहेत. त्या रस्ते विभागाकडे किंवा वाहतूक शाखेकडे द्याव्यात. योजनेच्या नकाशावर रस्त्याची एकूण रुंदी दिसते, त्या रुंदीत पदपथ किती आणि गाड्यांना किती ही विभागणी सहसा दिसत नाही. म्हणून मागणी जागेच्या भाषेत करावी: ‘पादचारी व सायकल मार्ग’ म्हणून स्वतंत्र आरक्षण, नाल्याच्या किंवा कालव्याच्या कडेची पट्टी, बंद गल्लीच्या टोकाला जोडमार्ग, किंवा अमुक रस्त्याची रुंदी इतकी वाढवावी.

शहराच्या वेशीवरच्या गावांत राहणाऱ्यांच्या हातात एक फार मोलाचा कागद असतो, तो म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयातला गाव नकाशा. त्यावर एकेरी तुटक रेषेने दाखवलेला पायमार्ग सव्वाआठ फुटांचा धरला जातो, दुहेरी तुटक रेषेचा गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा. सव्वाआठ फूट म्हणजे अडीच मीटर. पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, असं आयआरसी १०३ हे इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेचं मार्गदर्शक मानक सांगतं. म्हणजे आपल्या आजोबांच्या काळातल्या पायवाटा, पाणंदी आणि शीव रस्ते आजच्या मानकात बसतात. प्लॉटिंग सुरू झालं की आधी त्याच नाहीशा होतात. प्रारूपाआधी कलम २५ खाली विद्यमान जमीन वापर नकाशा, म्हणजे आज कुठली जमीन कशासाठी वापरात आहे ते दाखवणारा नकाशा, तयार होतो. त्याच वेळी पत्र देऊन अशी वाट त्यावर यायला लावली, तर पुढची लढाई निम्मी सोपी होते.

कागदपत्रं

कायद्यात कागदपत्रांची सक्तीची यादी नाही. लेखी निवेदन पुरेसं असतं. पण कागद सोबत असला तर सुनावणी घेणाऱ्या समितीला ते बाजूला सारणं अवघड जातं. प्रारूप नकाशाच्या संबंधित भागाची प्रत घ्या, मागितलेली वाट लाल पेनाने आखा, नकाशाचा शीट क्रमांक आणि गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक लिहा. तारखेसह फोटो जोडा. शाळेचं पत्र किंवा ग्रामसभेचा ठराव मिळाला तर उत्तमच. त्या रस्त्यावर गेल्या तीन वर्षांत झालेल्या अपघातांची माहिती पोलीस ठाण्याकडून माहिती अधिकारात मिळते. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. विकास योजनेचीही मुदत तेवढीच, म्हणून हा अर्ज प्रारूप येण्याआधीच करून ठेवा.

मजकूर एवढा पुरतो: ‘प्रारूप विकास योजनेच्या शीट क्रमांक अमुकवर गट क्रमांक अमुक व तमुक यांच्या हद्दीवरून जाणारा, गाव नकाशात नोंदलेला पायमार्ग दाखवलेला नाही. गावठाणातील मुले शाळेला याच वाटेने जातात. दुसरा मार्ग राज्य महामार्गावरून आहे. सदर वाट पादचारी व सायकल मार्ग म्हणून आरक्षित करावी. मला सुनावणीची संधी द्यावी.’ एका जागेची मागणी एका अर्जात. दहा मागण्या एकाच पत्रात कोंबल्या तर सगळ्यांना मिळून एकच मोघम उत्तर येतं.

दाखल करणं आणि सुनावणी

राजपत्रातल्या सूचनेत दिलेल्या पत्त्यावर दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच जिवापाड जपा. पूर्ण पत्ता व फोन नंबर लिहा, सुनावणीचं पत्र त्यावरच येतं.

विकास योजनेवरची सुनावणी कलम २८ खालची नियोजन समिती घेते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगर रचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच वेळ येतो, तेव्हा आधी नकाशा पुढे करा, मग बोला. जाता येत नसेल तर दुसऱ्याला सहीचं अधिकारपत्र देऊन पाठवा. समोर जमीनमालकही असेल आणि त्याचं नुकसान खरं असेल. ते मान्य करून, वाट हद्दीवरून नेली तर दोघांचं भागेल असा पर्याय सुचवणारा अर्ज समितीला मान्य करणं सोपं जातं.

मान्य झालं तरी लक्ष हवं

बदलांसह योजना पुन्हा प्रसिद्ध होते, मग राज्य सरकारकडे जाते. सरकारने मोठे फेरबदल सुचवले तर त्यांवर पुन्हा हरकती मागवल्या जातात. मंजुरीनंतरही कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल होतात आणि त्यांवर हरकतींना एक महिनाच मिळतो. मिळालेली वाट अशाच एखाद्या फेरबदलात जाऊ शकते.

कधीकधी अख्खं प्रारूपच मागे जातं. मुंबईचं २०१५ चं प्रारूप हरकतींच्या पुरानंतर रद्द झालं आणि नवी योजना २०१८ मध्ये मंजूर झाली. पुणे महानगर क्षेत्राचं २०२१ चं प्रारूपही २०२५ मध्ये सरकारने रद्द केलं. तिथे ज्यांनी पायवाटा मागितल्या होत्या त्यांनी जुना अर्ज आणि पोच सांभाळून ठेवावी, नवा आराखडा आला की तोच मजकूर नव्या शीट क्रमांकासह पुन्हा द्यावा.

रस्ता आधीच झालेला असेल आणि तिथे माणसं मरत असतील, तर योजनेची वाट पाहू नका. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे अर्ज करा. सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू, हा राष्ट्रीय महामार्गावरच्या ब्लॅक स्पॉटचा, म्हणजे अपघातप्रवण ठिकाणाचा, निकष आहे. अर्जात तो टप्पा आणि तारखा नेमक्या लिहा.