कोकण रेल्वेचं महामंडळ का झालं? प्रा. मधु दंडवते यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करावं, ही मागणी गेली काही वर्षं जोर धरते आहे. विलीनीकरण झालं तर दुपदरीकरणाला पैसा मिळेल, असा त्यामागचा हिशेब आहे. त्या चर्चेत एक प्रश्न नेहमी येतो: मुळात वेगळं महामंडळ काढलंच कशाला? त्याचं उत्तर शोधताना एका केंद्रीय मंत्र्याची पूर्ण कारकीर्द पाहावी लागते, कारण या मार्गाच्या बाबतीत प्रा. मधु दंडवते दोनदा निर्णायक जागी होते. पहिल्यांदा रेल्वेमंत्री म्हणून आणि दुसऱ्यांदा अर्थमंत्री म्हणून.

दंडवते मूळचे कोकणातले नव्हेत. त्यांचा जन्म 1924 सालचा, अहमदनगरचा. मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत. 1942 च्या चळवळीतून समाजवादी पक्षात आले आणि 1955 साली गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात उतरले. राजापूर मतदारसंघाचे खासदार बॅ. नाथ पै जानेवारी 1971 मध्ये अकाली गेले. त्यांच्या जागी त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत दंडवते उभे राहिले आणि निवडून आले. त्यानंतर 1977, 1980, 1984 आणि 1989 अशा सलग निवडणुका त्यांनी तिथूनच जिंकल्या. 1984 ची काँग्रेसची लाट आठवणाऱ्यांना यातली ताकद वेगळी सांगायला नको.

तेव्हाचं कोकण मनीऑर्डरवर चालायचं. घरातला कर्ता मुंबईत, गिरणीत किंवा गोदीत. गावी यायचं तर एसटी, नाहीतर बोट. कोकणात रेल्वे हवी ही मागणी जुनीच होती. अ. ब. वालावलकरांनी तिच्यासाठी आयुष्य खर्ची घातलं, नाथ पैंनी ती संसदेत लावून धरली. दंडवत्यांकडे ती मतदारसंघासोबतच आली.

आणीबाणी जाहीर झाली तेव्हा ते संसदीय कामासाठी बंगळुरूत होते. तिथेच अटक झाली, तिथल्याच तुरुंगात ठेवलं. पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. दोघांचा संसार त्या काळात पत्रांवर चालला. 1977 च्या मार्चमध्ये जनता पक्षाची सत्ता आली आणि मोरारजीभाईंनी रेल्वे खातं दंडवत्यांकडे दिलं.

आधीच्या मोठ्या जखमेवर त्यांनी सुरुवातीलाच हात घातला. 1974 च्या मे महिन्यातला रेल्वे संप मोडून काढताना हजारो कामगारांना नोकरीतून काढलं होतं. त्यांना परत घेतलं गेलं. कामगार संघटनांचा विश्वास मिळाल्यामुळेच आरक्षणाच्या संगणकीकरणासारख्या विषयावर बोलणी सुरू करता आली.

पण सामान्य प्रवाशाला ते आठवतात ते दोन इंचांसाठी. तिसरा वर्ग 1974 सालीच कागदोपत्री रद्द झाला होता, पण डब्यातल्या लाकडी फळ्या तशाच होत्या. ज्याच्याकडे वळकटी असेल त्याने ती पसरायची, नसेल त्याने रात्रभर फळीच्या कडा अंगाला टोचून घ्यायच्या. दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात फळीवर दोन इंचांचा फोम बसवायला लावला. आधी मोठ्या मार्गांवर आणि पुढे हळूहळू सगळीकडे. 1977 मध्येच मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. लांब पल्ल्याची जलद गाडी, पण पहिला वर्ग नाही. माझ्या मते स्वातंत्र्यानंतरच्या कोणत्याही रेल्वेमंत्र्याने केलेलं सर्वांत समाजवादी काम हेच. त्यात घोषणा कमी होती आणि कोट्यवधी माणसांच्या पाठीला आराम होता.

कोकणच्या बाबतीत मात्र रेल्वेमंत्री असूनही त्यांना एकदम सगळं करता आलं नाही. सह्याद्रीच्या पायथ्याने जाणारा, दऱ्या आणि नद्या ओलांडणारा मार्ग म्हणजे प्रचंड खर्च. रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पात तो बसणारच नव्हता. म्हणून त्यांनी टप्प्याटप्प्याने जायचं ठरवलं. आपटा ते रोहा हा 62 किलोमीटरचा तुकडा 1978 मध्ये हाती घेतला गेला. 1979 मध्ये सरकार पडलं, तुकडा पुरा व्हायला 1986 उजाडलं. पुढच्या मंगळूरपर्यंतच्या मार्गाचं सर्वेक्षण झालं, 1988 मध्ये अहवालही आला. पैशांचं कोडं सुटलं नव्हतं.

ते सुटायला डिसेंबर 1989 यावा लागला. वि. प्र. सिंग पंतप्रधान, रेल्वे जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे आणि अर्थखातं दंडवत्यांकडे. एक मूळचा मंगळूरचा, एक राजापूरचा खासदार. जॉर्ज आता बिहारमधून निवडून आले होते, तरी किनारा त्यांचाच होता. महामंडळ निघालं ते इथे. केंद्राने 51 टक्के भांडवल घालायचं, महाराष्ट्राने 22, कर्नाटकाने 15, गोवा आणि केरळने प्रत्येकी 6, आणि बाकीचा पैसा रोख्यांतून बाजारात उभा करायचा. अर्थमंत्री बाजूचा असल्याशिवाय अशी जुळणी होत नाही. जुलै 1990 मध्ये महामंडळाची नोंदणी झाली, ई. श्रीधरन प्रमुख झाले आणि 15 सप्टेंबरला रोह्यात पायाभरणी झाली. दोन महिन्यांत सरकार गेलं, पण महामंडळ मागे राहिलं होतं आणि काम थांबलं नाही.

अर्थमंत्री म्हणून त्यांना एकच अर्थसंकल्प मिळाला. सोनं बाळगण्यावर बंधनं घालणारा सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करणं आणि शेतकऱ्यांची 10 हजारांपर्यंतची कर्जं माफ करणं हे त्यातले ठळक निर्णय. कर्जमाफीचा बँकांवर पडलेला ताण हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

1991 मध्ये राजापूरने त्यांना पाडलं. तेव्हा रोह्याच्या पुढे बोगदे खणले जात होते. 1996 ते 1998 या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते आणि 26 जानेवारी 1998 रोजी मार्ग पूर्ण खुला झाला. 12 नोव्हेंबर 2005 रोजी त्यांचं मुंबईत निधन झालं.

1990 मध्ये राज्यांचं जे भागभांडवल पैसा उभा करायला उपयोगी पडलं, तेच पुढे अनेक वर्षं विलीनीकरणात आडवं आलं, कारण चारही राज्यांची संमती लागणार होती. कर्ज काढून उभारलेल्या महामंडळाला विस्ताराचा खर्च झेपत नाही. रोहा ते वीर हा सुमारे 47 किलोमीटरचा पट्टा 2021 मध्ये दुपदरी झाला. त्यापुढे बहुतेक मार्ग अजून एकेरीच आहे आणि गणपतीच्या दिवसांत जादा गाड्या क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला, स्टेशनास्टेशनावर थांबून राहतात.