‘मर्जी असेतोवर’: मिल लॅक्स सरोवरातल्या मासेमारीच्या वादाची पार्श्वभूमी

एप्रिल सरत आला की अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. मिल लॅक्सवरचा बर्फ सुटला का? आणि यंदा किती वॉलआय, म्हणजे तिथला आवडता खाण्याचा मासा, घरी नेता येणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऊन आणि वारा देतात. दुसऱ्याचे उत्तर दरवर्षी राज्याचे मत्स्यखाते आणि ओजिब्वे या मूळनिवासी लोकांच्या आठ जमाती एकत्र बसून काढतात, आणि त्या बैठकीमागे १८३७ सालच्या करारातले एक वाक्य आहे.

सरोवराविषयी थोडक्यात. मिनीआपोलिसहून उत्तरेला दोन तासांच्या आत गाडी पोचते. क्षेत्रफळ सुमारे ५३६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीहूनही मोठे. खोली मात्र जास्तीत जास्त ४२ फूट. एवढा पसारा आणि एवढे उथळ पाणी, त्यामुळे ते उन्हाळ्यात लवकर तापते, वाऱ्याने चटकन खवळते आणि हिवाळ्यात काठापासून काठापर्यंत गोठते. डाकोटा लोक याला पवित्र सरोवर म्हणत. त्यांच्या एका शाखेचे नावच या पाण्यावरून पडले आहे. अठराव्या शतकात ओजिब्वे आले आणि डाकोटा दक्षिणेला सरकले. ‘हजार तळी’ हे फ्रेंच नाव खरे तर साऱ्या मुलखाचे होते, ते एकट्या या सरोवराला चिकटले.

आता ते वाक्य. जुलै १८३७ मध्ये मिसिसिपी आणि मिनेसोटा नद्यांच्या संगमावरच्या लष्करी ठाण्यापाशी ओजिब्वे प्रमुखांनी सव्वा कोटी एकरांहून अधिक मुलूख अमेरिकेला दिला. सरकारला हवे होते ते तिथले पाइन, म्हणजे लाकूड. करारातले पाचवे कलम सांगते की, दिलेल्या मुलखातल्या जमिनींवर, नद्यांवर आणि तळ्यांवर शिकार करण्याची, मासे धरण्याची आणि जंगली तांदूळ गोळा करण्याची मुभा इंडियनांना (म्हणजे तिथल्या मूळनिवासींना) राहील, तिची हमी देण्यात येत आहे, राष्ट्राध्यक्षांची मर्जी असेतोवर.

मुभा, हमी आणि मर्जी. तीन शब्द एका वाक्यात कोंबलेले आणि तिन्ही तीन दिशांना ओढणारे. मुभा दिली असेल तर ती काढूनही घेता येते. हमी दिली असेल तर ती काढता येत नाही. आणि मर्जी म्हटली की हमीला अर्थच उरत नाही. हा मसुदा घाईचा होता की मुद्दाम असा ठेवलेला, यावर इतिहासकारांनी बरीच शाई खर्ची घातली आहे. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: ओजिब्वेंच्या कानावर यातले काय पडले? बोलणी दुभाष्यांमार्फत झाली. ‘राष्ट्राध्यक्षांची मर्जी’ हा इंग्रज कायद्यातला मुरलेला वाक्प्रचार. तो ओजिब्वे भाषेत कसा उतरला असेल याची कल्पनाच केलेली बरी. पुढे न्यायालयात इतिहासतज्ज्ञांनी मांडले ते असे की, आपण लाकूड दिले, पोटापाण्याची साधने राखली, आणि आपण शांततेने वागू तोवर ती कुणी काढून घेणार नाही, अशी त्या प्रमुखांची समजूत होती.

मराठी वाचकाला ‘मर्जी’चा हा खेळ अनोळखी नाही. साधारण त्याच दशकांत मुंबई इलाख्यात इनामांची चौकशी चालू होती, आणि सनदेतल्या एकेका शब्दावर घराण्यांची पिढ्यानपिढ्यांची वहिवाट टिकत किंवा बुडत होती.

१८५० च्या फेब्रुवारीत तत्कालीन राष्ट्राध्यक्षांनी खरोखरच मर्जी फिरवली. ही मुभा रद्द, आणि ओजिब्वेंनी पश्चिमेला निघून जावे, असा हुकूम निघाला. लोक हलावेत म्हणून कराराची वार्षिक रक्कम वाटण्याची जागाच दूर सँडी लेकला नेण्यात आली. शरद ऋतूत लोक होड्यांतून तिथे गेले. रक्कम आली नाही, शिधा कुजका निघाला, रोगराई पसरली. परत निघेपर्यंत नद्या-तळी गोठली होती. होड्या सोडून बर्फातून पायी यावे लागले. तिथे आणि वाटेत मिळून सुमारे ४०० माणसे गेली. त्यातले बहुतेक आजच्या विस्कॉन्सिनकडचे होते. हलवण्याचा बेत पुढे सोडून देण्यात आला, पण तो हुकूम कागदावर तसाच राहिला.

१८५५ मध्ये दुसरा करार झाला, त्यात मिल लॅक्सच्या दक्षिण काठाला राखीव मुलूख ठरला. या करारात ओजिब्वेंनी जमिनींवरचे सारे हक्क, मालकी आणि हितसंबंध सोडल्याचे लिहिले आहे. मासेमारीचा उल्लेख नाही. ना राखल्याचा, ना सोडल्याचा. १८५८ मध्ये मिनेसोटा राज्य झाले, आणि मग शंभरहून अधिक वर्षे राज्याने सरळ आपले कायदे लावले. बंद हंगामात जाळे टाकणारा ओजिब्वे हा राज्याच्या दृष्टीने चोर. जाळी जप्त, दंड, कधी तुरुंग. याच काळात काठावर रिसॉर्ट उभे राहिले, पन्नास-पन्नास गळ एकदम पाण्यात सोडणाऱ्या मोठ्या लाँच आल्या, गॅरिसन गावात वॉलआयचा भलामोठा पुतळा बसला. ‘आमचे सरोवर’ म्हणणाऱ्या गोऱ्या कुटुंबांच्या तीन-चार पिढ्या इथे झाल्या, हेही विसरून चालणार नाही. त्यांच्या लेखी १८३७ हा पाठ्यपुस्तकातला आकडा होता.

ठिणगी आधी शेजारी पडली. १९८३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ओजिब्वेंचे हे हक्क शाबूत असल्याचा निकाल संघीय न्यायालयाने दिला. त्यानंतरची काही वर्षे तिथल्या धक्क्यांवर रात्री भाल्याने मासे मारणाऱ्यांवर दगड आणि शिव्या बरसल्या. मिनेसोटाने ते सगळे टीव्हीवर पाहिले. १९९० मध्ये मिल लॅक्सच्या जमातीने राज्यावर दावा लावला, तेव्हा दोन्ही बाजूंना ते प्रसंग आठवत होते आणि म्हणूनच तडजोड होत आली होती: ८६ लाख डॉलर, ७,५०० एकर जमीन, आणि सरोवराचा साडेचार टक्क्यांच्या आसपासचा एक कोपरा फक्त जमातीच्या मासेमारीसाठी. १९९३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ती फेटाळली. विरोधकांच्या आघाडीवर व्यावसायिक फुटबॉलचा एक लाडका माजी प्रशिक्षक होता. त्याच्या शब्दाला आमदारांच्या शब्दाहून वजन होते.

एकोणीसशे नव्वदच्या दशकात मिनेसोटाने घेतलेल्या निर्णयांत हा मला सर्वात महागडा वाटतो. साडेचार टक्के नाकारले आणि प्रश्न सगळ्या सरोवराचा झाला. १९९४ मध्ये जिल्हा न्यायालयात, १९९७ मध्ये अपिलात आणि २४ मार्च १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयात, तिन्ही ठिकाणी राज्य हरले. शेवटचा निकाल पाच विरुद्ध चार. बहुमताचे म्हणणे असे: १८५० च्या हुकमातला लोकांना हलवण्याचा भाग बेकायदा होता, मुभा रद्द करणे हा त्याच बेताचा भाग, म्हणून वेगळा काढून तो जिवंत ठेवता येणार नाही. १८५५ चा करार मासेमारीविषयी गप्प आहे, आणि करार इंडियनांना जसा समजला असता तसा वाचायचा असतो. राज्य स्थापन झाल्याने हक्क आपोआप बुडत नाही. चार न्यायमूर्तींना हे पटले नाही. मर्जी म्हणजे मर्जी, ती १८५० मध्येच संपली, आणि ‘सारे हक्क’ म्हणजे सारेच, असे त्यांचे म्हणणे. शब्दशः वाचले तर अल्पमत सरळ वाटते, हे कबूल करायला हवे. पण ज्या भाषेत करार लिहिला ती एका पक्षाला येतच नव्हती, तिथे शब्दशः वाचण्याला कितीसा अर्थ?

जे उरले ते मालकीचे नव्हे, वापराचे हक्क. विदर्भातल्या मालगुजारी तलावांच्या काठी याला ‘निस्तार’ म्हणतात. जमीन कुणाचीही असो, वहिवाट आपली.

निकालाने हक्क ठरला, वाटा नाही. १९९७ पासून दरवर्षी ‘सुरक्षित उपसा’ ठरू लागला: यंदा सरोवरातून किती पौंड वॉलआय काढले तर साठा टिकेल. त्यातला काही भाग जमातींचा, उरलेला राज्याच्या परवानाधारकांचा. जमाती बर्फ सुटल्यावर लगेच, म्हणजे वॉलआय खडकाळ उथळ पाण्यात अंडी घालायला येतात तेव्हा, जाळ्यांनी आणि भाल्यांनी आपला बराचसा वाटा काढतात. गळवाल्यांचा हंगाम मात्र मेच्या मध्यावर उघडतो. आपण हात बांधून काठावर उभे आणि समोर जाळी भरताहेत, हे दृश्य निकालापेक्षा जास्त खुपते. विणीच्या माशाला जाळे कसले, असा प्रश्न येतो. शास्त्राच्या दृष्टीने अंड्यांवर आलेली मादी एप्रिलमध्ये जाळ्यात सापडली काय किंवा आदल्या फेब्रुवारीत गळाला लागली काय, अंडी तेवढीच जातात. पण गावच्या चहाच्या टपरीवर असले हिशेब कुणी ऐकत नाही, तसे तिथल्या बारमध्येही नाही.

मग मासेच कमी झाले. २०१२ मध्ये पाच लाख पौंड, २०१३ मध्ये अडीच लाख, २०१४ मध्ये साठ हजार, २०१५ मध्ये चाळीस हजार, अशी सुरक्षित उपशाची घसरगुंडी. त्या चाळीस हजारांत राज्याच्या वाट्याला २८,६०० आले, ते जुलैअखेरच ओलांडले, आणि ३ ऑगस्ट २०१५ रोजी ऐन हंगामात वॉलआयची मासेमारी बंद झाली. असे आधी कधी झाले नव्हते. जाळ्यांकडे बोट दाखवणे सोपे होते. बाहेरून बोलावलेल्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये मात्र वेगळे सांगितले होते: अंडी पुरेशी पडतात, पिल्लेही जन्मतात, ती दुसरा शरद ऋतू पाहत नाहीत. पाणी गेल्या काही दशकांत नितळ झाले आहे, आणि वॉलआय हा अंधुक उजेडाचा मासा. बाहेरून आलेले जीवही शिरले: २००५ मध्ये झेब्रा शिंपले सापडले, २००९ मध्ये काटेरी पाणपिसू. थंड पाण्यात राहणारा टुलिबी हा मोठ्या वॉलआयचा घास. तो उन्हाळे तापू लागल्यावर घटला. मोठे मासे लहानांना खाऊ लागले.

याच सुमारास एका शब्दाने नवा गोंधळ घातला. पकडा आणि सोडा. मासा सोडला की हिशेब संपला, असे गळवाल्याला वाटते. पण गळ लागून सोडलेल्यांपैकी काही मरतात, पाणी जितके गरम तितके जास्त, आणि हे अंदाजाने काढलेले मृत्यू राज्याच्या वाट्यातूनच वजा होतात. म्हणजे उन्हाळ्यात एकही मासा घरी न नेता कोटा संपू शकतो. २०१६ पासून पुढची बरीच वर्षे उन्हाळ्यात बहुतेक काळ सोडून देण्याचाच नियम होता. थंड पाण्यात मासा तगतो, म्हणून हिवाळ्यात ठरावीक लांबीचा एक ठेवायला परवानगी. ताटात वॉलआय हवा तर बर्फावर या, असा त्याचा अर्थ झाला.

बर्फावर लोक आधीपासून येतच होते. लाकडी खोपटी, भोक, शेगडी आणि पत्ते, हा जुना थाट. आता चाकांवरची घरे आली आहेत, पलंग आणि टीव्हीसकट, ओढायला दणकट पिकअप. रिसॉर्ट बर्फावर रस्ते नांगरून ठेवतात, टोल घेतात, भेगांवर पूल टाकतात. राज्याचे मार्गदर्शन नवीन, नितळ बर्फापुरते असे आहे: पायी चार इंच, स्नोमोबाइलला पाच ते सात, लहान मोटारीला नऊ-दहा, मध्यम ट्रकला तेरा, आणि दणकट ट्रकमागे चाकांचे घर असेल तर वीसच्या पुढे. पांढरा, हिमाचा बर्फ असेल तर हे आकडे दुप्पट धरायचे, त्याची ताकद निम्मीच असते. आणि जाडी भोक पाडूनच मोजायची. काल इथे दहा इंच होता, म्हणून शंभर पावलांवर आज तेवढाच असेल असे नाही. गाडी हळू हाकायची, कारण चालत्या गाडीखाली पाण्याची लाट धावते आणि काठाजवळ ती बर्फ फोडते. काचा खाली, पट्टा सोडलेला. गळ्यात बर्फात रोवायचे दोन टोचे, अंगात तरंगणारे जाकीट. पाण्यात पडलेल्याला श्वास सावरायला एक मिनिट, हातपाय चालतात तोवर दहा मिनिटे, शुद्ध हरपायला साधारण तास, हा तिथे पोरांना शिकवतात तो हिशेब. आलेल्या वाटेनेच परतायचे, कारण तो बर्फ आपल्याला पेलून गेलेला असतो.

मोठ्या सरोवरावर जाडीइतकाच वारा घातक. दाबाने उंचवटे उठतात, भेगा रुंदावतात, आणि अख्खा तुकडा माणसांसकट सुटतो. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस उत्तरेकडच्या अपर रेड लेकवर असाच तुकडा सुटला आणि शंभरावर माणसे होड्यांनी काढावी लागली. तो हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सर्वात उबदार ठरला. नियमांनी माणसांना बर्फाकडे वळवले आणि बर्फाचा भरवसा त्याच वर्षांत उणावला. हिवाळ्याच्या कमाईवर वर्ष काढणारे रिसॉर्टवाले यावर उघड बोलत नाहीत, खोल्या मात्र उशिरा भरतात.

दरवर्षी तसेच घडते असेही नाही. २०१२ मध्ये मिल लॅक्सचा बर्फ मार्चमध्येच सुटला. पुढच्याच वर्षी मेच्या मध्यावर गळवाल्यांचा हंगाम उघडला तेव्हा सरोवराच्या मोठ्या भागावर बर्फ तसाच होता.