आयरिश डान्ससाठी लाईव्ह म्युझिक घ्यायचं की ट्रॅक लावायचा? बुकिंगआधी हे वाचा

डब्लिन आणि आसपासच्या मराठी घरांतून आम्हाला जे फोन येतात त्यात हा प्रश्न हमखास असतोच. कुणाचं रिसेप्शन, कुणाकडे गणपतीचा कार्यक्रम, कुणाच्या बाबांची पंचाहत्तरी, लेक काही वर्षं आयरिश डान्सच्या क्लासला जातेय, ती आणि तिच्या मैत्रिणी नाचणार आहेत, मग वादक बोलवायचे का फोनवरून ट्रॅक लावला तरी चालेल? आम्ही साऊंडही लावतो आणि वादकही देतो, त्यामुळे तुम्ही काहीही निवडलंत तरी काम आमच्याकडेच येतं, म्हणून अगदी मोकळेपणाने सांगतो. बजेटचं नंतर बघू, आधी नाचणाऱ्या मुलीला विचारा की तू कुठला डान्स करणार आणि कुठल्या स्पीडला.

स्पीड एवढा महत्त्वाचा का

आयरिश डान्समध्ये प्रत्येक नाचाचा ठेका ठरलेला असतो. रील आणि हॉर्नपाइप ४/४ मध्ये, जिग ६/८ मध्ये म्हणजे साधारण आपल्या दादऱ्याच्या अंगाने जाते, आणि स्लिप जिग ९/८ मध्ये. स्टेप आठ बारची असते (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन), आधी उजव्या पायाने आठ बार, मग तेच सगळं डाव्या पायाने आठ बार. सुरुवातीचे आठ बार नाचणारी नुसती उभी राहून ऐकते, त्यातल्या शेवटच्या दोन बारमध्ये पाय पुढे काढते आणि मग सुटते. त्यामुळे ज्या ट्रॅकला हा आठ बारचा इंट्रो नाही तो कितीही गोड असला तरी आमच्या कामाचा नाही.

आता गंमत बघा, मुलगी शिकत शिकत वर गेली की संगीत जलद होत नाही, उलट हळू होतं. नवख्या मुली रील मिनिटाला १२० ठोक्यांच्या वर नाचतात (एका बारला दोन ठोके धरून) आणि वरच्या लेव्हलच्या ११३ च्या आसपास, कारण तेवढ्याच बारमध्ये त्यांना जास्त अवघड काम बसवायचं असतं. हार्ड शू, म्हणजे ठोके वाजणारे कडक तळाचे बूट, घालून करतात ती ट्रेबल जिग तर वरच्या लेव्हलला ७३ पर्यंत खाली येते. म्हणजे एकच स्टेप दोन्ही पायांनी करायला ११३ च्या रीलला साधारण १७ सेकंद लागतात आणि ७३ च्या ट्रेबल जिगला २६. आता जी मुलगी वर्षभर ७३ वर सराव करतेय तिला कुणी ऐनवेळी ८५ वर वाजवून दिलं तर पाय अडकणारच, आणि समोर बसलेल्या आजी-आजोबांना वाटणार की पोरीला येत नाही. हे होऊ नये म्हणून आम्ही एवढे मागे लागतो. मुलीला स्पीड सांगता आला नाही तर तिच्या टीचरना एक मेसेज टाका, त्यांच्याकडे आकडा तयार असतो.

ह्याच हिशोबाने अजून एक गोष्ट लक्षात घ्या, एका मुलीचा सोलो रील एक मिनिटात संपतो. पंधरा मिनिटांचा स्लॉट भरायचा असेल तर एक-दोन नाचांनी भागणार नाही, प्रोग्राम आधी कागदावर लिहून काढा.

वादक कधी घ्यावेत

पाहुण्यांना नाचवायचं असेल तर वादकच घ्या, इथे आमचं मत ठाम आहे. केलीमध्ये, म्हणजे ग्रुपने करायच्या साध्या नाचात, एक जण माईकवर स्टेप सांगत असतो आणि सगळे शिकत शिकत नाचतात, कुणी उलट्या बाजूला जातं, कुणाचा हात सुटतो, काकू हसत हसत बाहेर पडतात आणि परत आत येतात. वादक हे बघत वाजवतो, गरज पडली तर तोच ट्यून अजून एकदा फिरवतो आणि सगळे दमलेले दिसले की बरोबर जागेवर संपवतो. ट्रॅक ठरलेल्या वेळा वाजतो आणि थांबतो, मग अर्धी रांग मधेच उभी. त्यासाठी मोठा बँड लागतो असंही नाही, एक चांगला अकॉर्डियनवाला आणि सोबत एक कीबोर्ड किंवा गिटार एवढ्यावर साठ-सत्तर माणसांचा हॉल मस्त नाचतो. पैसे थोडेच असतील तर ते इथे घाला, मुलींच्या पाच मिनिटांच्या शोला ट्रॅक चालेल.

शॅन-नोस नाचणारं कुणी येणार असेल तरीही लाईव्हच. पश्चिम आयर्लंडच्या कॉनेमारात जपलेली ही मोकळी शैली आहे, नाचणारा आयत्या वेळी पायाने उत्तर देत असतो, मग समोर प्रश्न विचारणारं कुणीतरी नको का?

पण वादक म्हणजे कुठलाही वादक नाही. पबमधल्या सेशनला वाजवणारे लोक फार सुंदर वाजवतात, आम्ही स्वतः तासन्‌तास ऐकत बसतो, पण तिथे रंग चढला की लयही चढते आणि कुणाची हरकत नसते. डान्ससाठी वाजवणारा वेगळा असतो, तो फेशला म्हणजे डान्स स्पर्धेला दिवसभर त्याच स्पीडला वाजवून तयार झालेला असतो. म्हणून आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून, एवढं जरूर विचारा की तुम्ही नाचणाऱ्यांसाठी वाजवता का. आणि शक्य असेल तर कार्यक्रमाआधी मुलींना त्यांच्यासोबत दहा मिनिटं तरी नाचू द्या. ह्या दहा मिनिटांनी किती फरक पडतो ते मुलींच्या चेहऱ्यावर दिसतं!

ट्रॅक कधी बरा

दहा-बारा मुलींनी बसवलेला ग्रुप डान्स असेल, त्यात मधेच ठेका बदलतो, मधेच थांबायचं, मग सगळ्यांचे हार्ड शू एकदम, तर ज्या ट्रॅकवर बसवलाय तोच लावा. बरेच जण रिव्हरडान्स टाईप काहीतरी पाहिजे म्हणतात, हौस अगदी समजू शकतो, पण १९९४ ला डब्लिनमध्ये युरोव्हिजन ह्या गाण्यांच्या स्पर्धेच्या मध्यंतरात ते सात मिनिटांचं सादरीकरण झालं तेव्हा मागे अख्खा ऑर्केस्ट्रा आणि गायकवृंद होता. तो आवाज तीन वादकांकडून येणार नाही आणि तशी अपेक्षा ठेवून त्यांच्यावर अन्यायही करू नका, तिघांची जादू वेगळी असते.

ट्रॅक फाईल म्हणून डाउनलोड केलेलाच हवा. नेटवरून चालू लावला की हॉलमध्ये रेंज गेली, जाहिरात आली, कुणाचा फोन आला, सगळं तेव्हाच होतं. आम्ही फाईल आधी मागवतो, दोन ठिकाणी ठेवतो, फोनवरून वाजवायचं असेल तर एअरप्लेन मोडवर टाकतो आणि केबलने जोडतो, ब्लूटूथवर नाही. स्पीड थोडा कमी-जास्त करून देता येतो पण फार ताणला की फिडलचा, म्हणजे व्हायोलिनचा, आवाज रबरी होतो, म्हणून मुळात बरोबर स्पीडचाच ट्रॅक शोधा. डान्ससाठीच काढलेल्या अल्बमवर बहुतेक वेळा स्पीड लिहिलेला असतो. बटण दाबायला एक माणूस नक्की करा ज्याला नाचणारी दिसतेय आणि जो तिने मान हलवल्याशिवाय सुरू करणार नाही.

फ्लोअर आणि आवाज

हे म्युझिकच्या पत्रकात कशाला असं वाटेल, पण हार्ड शू हे स्वतःच एक वाद्य आहे. कार्पेटवर ते मुकं होतं, टाइल्सवर मुली घसरतात, आणि नुसत्या काँक्रीटवर गुडघ्यांची वाट लागते. लाकडी फ्लोअर नसेल तर आम्ही लाकडी फळ्यांचा स्टेज आणतो आणि खाली माईक लावतो म्हणजे मागच्या टेबलापर्यंत ठेका पोचतो. हॉटेलला आधीच विचारा की त्यांच्या डान्स फ्लोअरवर हार्ड शू चालतात का, ओरखडे पडतात म्हणून काही जण नाही म्हणतात. लाईव्ह असेल तर संगीताचा आवाज पायांच्या थोडा खालीच ठेवतो, फिडल आणि टिन व्हिसल वरून छान ऐकू येतात, पण बाउरॉन, म्हणजे हातात धरून वाजवायचा आयरिश ड्रम, जोरात असला की पायांचे ठोके त्यात हरवतात.

गणपतीच्या कार्यक्रमात ढोल-ताशा असेल तर आयरिश डान्स त्याच्या आधी ठेवा, प्लीज. ढोल ऐकल्यावर लगेच कानाला फिडल लागत नाही, आणि त्या पोरींवर अन्याय होतो.

लायसन्स आणि तारखा

सार्वजनिक ठिकाणी म्युझिक वाजवायला इथे आय‌एमआरओ आणि पीपीआय (रचनाकारांच्या आणि रेकॉर्डिंगवाल्यांच्या हक्कांच्या संस्था) ह्यांचं मिळून ड्युअल म्युझिक लायसन्स असतं. हॉटेलांकडे ते बहुधा असतं, पण शाळेचा किंवा कम्युनिटी हॉल घेताय तर तिथे विचारून ठेवा, वादक असले तरी विचारा. जुने पारंपरिक ट्यून कुणा एकाच्या मालकीचे नाहीत, पण नव्याने रचलेल्या ट्यूनचे हक्क असतात.

१७ मार्चच्या, म्हणजे सेंट पॅट्रिक्स डेच्या, आगेमागे वादक मिळणं फार अवघड, तो आठवडा त्यांचा आधीच भरलेला असतो. ईस्टरच्या सुमारास वर्ल्ड चॅम्पियनशिप असते तेव्हा डान्सचे चांगले वादक आणि खुद्द टीचरच तिकडे असतात. ऑगस्टमध्ये फ्लाह कोल हा पारंपरिक संगीताचा मोठा उत्सव भरतो, देशभरातले वादक तिथे जमतात, तेव्हा निदान दोन-तीन महिने आधी कळवा.

फोन करताना नाचांची नावं, प्रत्येकाचा स्पीड, सॉफ्ट शू का हार्ड शू, किती जणी, आणि फ्लोअरचा एक फोटो एवढं हाताशी ठेवा. ट्रॅक असेल तर फाईल त्याच दिवशी पाठवून द्या, आम्ही इंट्रो मोजून आणि स्पीड तपासून चालेल की नाही ते कळवतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.