सनद हातात, पुढे काय? मराठवाड्यातल्या ज्युनिअर वकिलीची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्हा कोर्टात सकाळी अकराच्या सुमाराला जा. बगलेत फायलींचा गठ्ठा घेऊन या कोर्टातून त्या कोर्टात पळणारी पोरं-पोरी दिसतील. ‘साहेब वरच्या कोर्टात आहेत, तारीख मिळावी’ एवढंच वाक्य त्यांच्या वाट्याला आलेलं असतं. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळालेली असते, कोट अंगावर असतो, पण दाव्याची कैफियत स्वतः लिहायला अजून कुणी सांगितलेलं नसतं. नव्या वकिलाला कोण शिकवणार, हा प्रश्न इथे निजामाच्या राजवटीपासून प्रत्येक पिढीला पडत आला आहे.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. कोर्टाचा कारभार उर्दूत चालायचा. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला वकिली करायची तर आधी उर्दू दस्त वाचायला आणि अर्ज लिहायला शिकावं लागे, आणि ही विद्या जुन्या वकिलाच्या बैठकीत बसूनच मिळायची. वसमत भागातले केशवराव कोरटकर (१८६७–१९३२) गुलबर्ग्यात वकिली करून पुढे हैदराबादच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, ते याच जगातून.

१९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. हायकोर्ट बदललं, हळूहळू भाषाही बदलली, पण कागद मात्र जुनेच राहिले. मदतमाश (निर्वाहासाठी दिलेली) आणि खिदमतमाश (सेवेबद्दल दिलेली) इनामांच्या जमिनी, त्यांचे मुंतखब म्हणजे इनामाच्या हक्काचे दस्त, जुने खासरे म्हणजे जमिनीच्या नोंदी आजही दाव्यांत पुरावा म्हणून येतात. उर्दू वाचणारा सिनिअर जिथे उरलेला नाही, तिथे पक्षकार दस्त घेऊन भाषांतर करणारा शोधत फिरतो. शिवाय इथला कूळकायदाही निराळा आहे. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा मुंबई कूळकायदा, विदर्भात १९५८ चा, आणि मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा. संरक्षित कुळाला मालकी देणारं कलम ३८-ई किंवा हस्तांतरणाच्या परवानगीचं ५०-ब या गोष्टी पुण्या-मुंबईत एलएल.बी. झालेल्या मुलाच्या कानावरही पडलेल्या नसतात. त्या त्याला तहसीलच्या ओट्यावर किंवा सिनिअरच्या ऑफिसातच कळतात. म्हणून माझं मत असं, की इथे सिनिअरची गरज मुंबईपेक्षा जास्त होती आणि आहे. व्यवस्था मात्र कमी होती.

मुंबईच्या हायकोर्टात सॉलिसिटरकडे काही वर्षं उमेदवारी करून परीक्षा द्यायची पद्धत ब्रिटिश काळापासून होती. इंग्लंडात बॅरिस्टर होणाऱ्याला आजही सुमारे वर्षभर अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखाली काढावं लागतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने तर २००६ पासून नव्या वकिलांना मार्गदर्शक वकील जोडून देणं सक्तीचं केलं.

आपल्याकडे कायद्याने दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तो मागे पडला. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये सुरुवातीला पदवीनंतर प्रशिक्षण आणि परीक्षेची अट होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली, आणि ३१ जानेवारी १९७४ पासून पदवी झाली की थेट सनद असा मार्ग मोकळा झाला. वीसेक वर्षांनी न्या. अहमदी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १२ ते १८ महिन्यांच्या उमेदवारीची शिफारस केली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेने, १९९५ मध्ये नियम करून एक वर्षाचं प्रशिक्षण बंधनकारक केलं. प्रशिक्षणार्थ्याला स्वतंत्र वकिली करता येणार नव्हती. नंतर थोडी सवलत म्हणून मुदत मागण्याचा अधिकार तेवढा दिला गेला! १५ मार्च १९९९ ला व्ही. सुदीर खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे नियम रद्द केले. प्रशिक्षण वाईट आहे असं कोर्टाने म्हटलं नाही. संसदेने जी अट काढली ती बार कौन्सिल नियमांच्या वाटेने परत आणू शकत नाही, इतकाच मुद्दा होता. संसदेने कायदा बदलावा, असंही कोर्टाने सुचवलं. ते अजून झालेलं नाही. त्याऐवजी २०११ पासून ऑल इंडिया बार एक्झाम आली. सुरुवातीची काही वर्षं पुस्तक उघडून दिली जाणारी ही परीक्षा उलटतपास कसा घ्यायचा हे शिकवत नाही, हे परीक्षा देणाऱ्यांनाही ठाऊक असतं.

मराठवाड्यात मोठा फरक पडला तो खंडपीठाने. औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) २७ ऑगस्ट १९८१ ला हायकोर्टाचं काम सुरू झालं. त्याला आव्हान मिळालं, मुंबई हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला, पण १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो पुन्हा उचलून धरला. २७ ऑगस्ट १९८४ पासून खंडपीठ कायम झालं. याआधी अपील म्हणजे मुंबईची रात्रभराची गाडी आणि तिकडचा वकील. आता नांदेड, बीड, धाराशिव, लातूरच्या ज्युनिअरला हायकोर्ट पाहायला मिळालं. जायकवाडीसारख्या प्रकल्पांत गेलेल्या जमिनींच्या वाढीव मोबदल्याची प्रकरणं कोर्टात गेली, आणि अनेक कार्यालयांत ज्युनिअरांना भरपूर काम मिळालं. शिकण्याची पायरी दुहेरी झाली: आधी जिल्ह्यात साक्षीपुरावा, मग खंडपीठात अपिलं. काहीजण पहिली पायरी गाळूनच थेट खंडपीठात जातात, आणि साक्षीदार कसा फुटतो हे त्यांना कधीच दिसत नाही.

पैशाचा विषय मात्र जुन्या बैठकीच्या रिवाजाने दाबला जातो. ‘शिकायला मिळतंय ना?’ हे उत्तर ठरलेलं. ज्याच्या घरी वकील आहे त्याची गोष्ट वेगळी. शेतकऱ्याच्या मुलीला परगावी खोलीभाडं कुठून द्यायचं? ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं असं परिपत्रक काढलं. ते शिफारसवजा आहे. तालुक्याच्या कोर्टात दिवाणी दावे चालवणाऱ्या अनेक सिनिअरांची स्वतःची कमाईच इतकी नियमित नसते, हेही खरं. त्या मानाने गरजू आरोपींना मोफत वकील देणाऱ्या लोक अभिरक्षक कार्यालयांची योजना जास्त उपयोगी वाटते. तिथे नवे वकील सहायक म्हणून ठरलेल्या मानधनावर अनुभवी मुख्य आणि उप अभिरक्षकांसोबत फौजदारी खटले चालवतात.

२० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत लागू केली. २००२ मध्ये ती काढली गेली होती. वकिली केल्याचा दाखला त्या कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा, किंवा किमान १० वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा आणि न्यायिक अधिकाऱ्याने शेरा मारलेला, असा हवा. म्हणजे जे मार्गदर्शन आजवर सिनिअरच्या मर्जीवर चालत होतं, त्यावर आता सही लागणार. संभाजीनगरच्या क्लासेसमध्ये पूर्णवेळ अभ्यास करणाऱ्या पोरांना आता सकाळी कोर्ट आणि संध्याकाळी क्लास असं वेळापत्रक बसवावं लागेल. ती सही देताना सिनिअर तीन वर्षांत काय शिकवलं ते आठवेल, की नुसती हजेरी मोजेल, हे प्रत्येक बाररूममध्ये वेगळं ठरेल.